भिंतीवरचा पॅच का दिसतो? जुन्या गिलाव्याचा पोत जुळवण्यामागचं तंत्र

एसीचा नवीन पॉइंट घ्यायचा असतो. इलेक्ट्रिशियन कटर लावून भिंतीत खाच मारतो, पाइप बसवतो आणि "गवंड्याकडून बुजवून घ्या" म्हणून निघून जातो. गवंडी सिमेंटने खाच बुजवतो आणि सांगतो, "रंग मारला की काही दिसणार नाही." रंगारी येतो, दोन हात मारतो आणि म्हणतो, "खालचंच काम वर-खाली आहे, त्याला मी काय करणार?" तिघांचेही पैसे देऊन झालेले असतात, आणि स्विचबोर्डापासून छतापर्यंत हॉलच्या मधोमध एक पट्टा दिसत राहतो.

हा पट्टा रंगाचा नसतो, पोताचा असतो. पोत म्हणजे पृष्ठभागाचा बारीक चढउतार, ज्याला आपण टेक्स्चर म्हणतो. यावरचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण त्यातले बहुतेक अमेरिकेतल्या ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्सम बोर्डाच्या भिंतींचे आहेत. तिथे स्प्रेचा डबा हलवून फवारा मारतात आणि काम संपतं. सोलापुरातल्या घराची भिंत त्या जातीची नाही. इथे एकाच गल्लीत काळ्या दगडाची चुन्यात बांधलेली भिंत, सत्तर-ऐंशीच्या दशकातला नीरू फिनिशचा बंगला आणि परवा झालेला जिप्सम प्लास्टरचा फ्लॅट शेजारी शेजारी उभे असतात. तिन्हींचा पोत वेगळा आणि तो जुळवायची रीतही वेगळी.

मी सॉफ्टवेअरवाला, गवंडी नाही. पण जुन्या घराच्या दुरुस्तीच्या निमित्ताने या विषयात बराच वेळ घातला तेव्हा लक्षात आलं की हे काम रिव्हर्स इंजिनीअरिंगचं आहे. समोर तयार झालेली वस्तू आहे, ती कशी बनवली याची नोंद कुठेच नाही, आणि तिच्याकडे बघून बनवण्याची कृती शोधून काढायची आहे. ती कृती चार गोष्टींनी ठरते: मसाल्यात चिकटवणारं द्रव्य कोणतं, वाळूचा दाणा कसला, शेवटचा हात कोणत्या हत्याराचा, आणि तो हात मसाला किती ओला असताना फिरला. यातली एक जरी चुकली तरी पॅच दिसतो.

डोळ्याला नेमकं काय दिसतं

पॅच दिसतो तो बहुतेक वेळा सावलीमुळे. समजा नवीन भराव जुन्या भिंतीपेक्षा अर्धा मिलिमीटर वर आहे. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, म्हणजे हा फरक कार्डापेक्षाही कमी. प्रकाश भिंतीशी ३० अंशांचा कोन करून पडत असेल तर त्या अर्ध्या मिलिमीटरची सावली जेमतेम ०.९ मिमी पडते, आणि ती कुणाला दिसत नाही. पण प्रकाश भिंतीला घासून, ५ अंशांच्या कोनात आला तर तीच सावली ५.७ मिमी लांब होते. सावलीची लांबी म्हणजे उंची भागिले कोनाचा टॅन्जंट. दहावीचं त्रिकोणमिती इथे कामाला येतं.

म्हणूनच दुपारी अजिबात न दिसणारा पॅच संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की उठून दिसतो. आणि म्हणूनच हल्ली तक्रारी वाढल्यात असं रंगारी सांगतात. पूर्वी खोलीत एक ट्यूबलाइट असायची. आता फॉल्स सीलिंगच्या कडेने एलईडी पट्ट्या असतात, त्यांचा प्रकाश भिंतीवरून थेट खाली घासत येतो आणि प्रत्येक उंचवटा दाखवतो.

याचाच उपयोग तपासणीला करायचा. रात्री खोलीतले दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा आणि प्रकाश आडवा सोडा. जुन्या गिलाव्याचे हत्याराचे फटकारे, दाणे, वाटीसारखे खोलगट भाग सगळं दिसेल. तसाच टॉर्च धरून, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढून ठेवा. नाण्याचा व्यास २७ मिमी आहे, त्यामुळे दाणा किती मोठा, फटकाऱ्याची रुंदी किती, हे नंतर मोजता येतं. काम झाल्यावर पॅचचा फोटो त्याच कोनातून काढून दोन्ही शेजारी ठेवले की वाद उरत नाही. "दिसत नाही हो" आणि "दिसतंय की" या भांडणाला हा उत्तम उतारा आहे.

आधी भिंत कशाची आहे ते ओळखा

घराचं वय हा पहिला धागा. भारतात पोर्टलँड सिमेंटचं व्यवस्थित उत्पादन सुरू झालं ते १९१४ मध्ये, पोरबंदरला. सोलापूरची जुनी मिल त्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्ये सुरू झाली होती. त्यामुळे मिलच्या भरभराटीच्या पहिल्या पिढीत उभी राहिलेली गावठाणातली घरं, वाडे, पेठांमधल्या माड्या या मुळात चुन्याच्या किंवा मातीच्या मसाल्यातल्या आहेत, असं धरून चालायला हरकत नाही. नंतर त्यांच्यावर कुणी सिमेंट चढवलं असेल ती गोष्ट वेगळी. म्हणून नुसत्या वयावर थांबू नका, खरवडून बघा.

कोपऱ्यात, कपाटामागे किंवा स्विचबोर्डाची प्लेट काढून तिच्या आत, रुपयाएवढी जागा खिळ्याने खरवडा. खिळा सहज आत जातो, पांढरट मऊ भुकटी पडते आणि मध्ये मध्ये पांढरे खडे दिसतात तो चुना. खिळा नुसता घसरतो, राखाडी ओरखडा उठतो ते सिमेंट. दाणा अजिबात नाही, खडूसारखी गुळगुळीत पांढरी भुकटी निघते ते जिप्सम किंवा पीओपी. शंका राहिली तर भुकटीवर व्हिनेगरचे थेंब टाका. चुना फसफसतो, कारण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी झालेला असतो. जिप्सम थंडच राहतं. सिमेंटही थोडं फसफसतं, त्यामुळे चुना आणि सिमेंट यांच्यातला निवाडा व्हिनेगरवर सोडू नका, तो खिळ्यावर सोडा. आणि टकटक केल्यावर भिंत डब्यासारखी वाजली तर ती भिंत नव्हेच, पत्र्याच्या चौकटीवर बसवलेला जिप्सम बोर्ड आहे.

महाराष्ट्रात एक फसवी जात फार आढळते, ती म्हणजे नीरू फिनिश. आत सिमेंटचं प्लास्टर, त्यावर बारीक गाळलेल्या चुन्याचा एक-दोन मिलिमीटरचा थर, थापीने घोटलेला. वरून खरवडलं तर चुना वाटतो, अजून थोडं खाली गेलं की खिळा अडतो. अशा भिंतीला सिमेंटने भरून वर नीरू घ्यायची. सबंध चुन्याच्या भिंतीला मात्र सिमेंट लावायचं नाही. का ते पुढे येईलच.

वाळूच बदलली आहे

समजा भिंत सिमेंटची निघाली, बाहेरून किंवा जिन्यात दाणेदार सँड फेस प्लास्टर आहे. गवंड्याने प्रमाण तेच घेतलं, हत्यार तेच घेतलं, तरी पोत जुळत नाही. माझ्या पाहण्यात याचं सगळ्यात मोठं कारण वाळू आहे.

वीस-तीस वर्षांपूर्वीच्या प्लास्टरमध्ये सीना किंवा भीमेची वाळू असायची. नदीने घासलेली, गोलसर, काळसर-तपकिरी, मध्ये मध्ये पांढरे चमकदार कण. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळू ठेक्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाने मंजुरीशिवायचा वाळू उपसा देशभर थांबवण्याचा आदेश दिला. नदीची वाळू महाग झाली आणि तिची जागा खडी क्रशरवर दगड फोडून केलेल्या क्रश सँडने घेतली. वाळूच्या मानकात, म्हणजे आयएस ३८३ मध्ये, अशा कृत्रिम वाळूला रीतसर स्थान आहे. नद्यांसाठी हे चांगलंच झालं. पण पॅच मारणाऱ्याची पंचाईत झाली.

क्रश सँडचा दाणा टोकदार असतो, रंग निळसर राखाडी आणि त्यात पिठासारखी भुकटी बरीच. ओल्या प्लास्टरवर स्पंज फिरवला की गोल दाणा जागच्या जागी लोळतो आणि बाजूला बारीक खळगा सोडतो. टोकदार दाणा लोळत नाही, ओढला जातो आणि ओरखडा काढतो. भुकटी जास्त असेल तर ती वर येऊन दाणे झाकून टाकते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. म्हणजे जुनी भिंत रव्यासारखी आणि नवा पॅच मैद्यासारखा.

उपाय साधा आहे, पण कुणी सांगत नाही. तुमच्याच भिंतीतून निघालेल्या मलब्याचा एक खडा घ्या. चुन्याचा असेल तर फोडून व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा, फसफस थांबेपर्यंत व्हिनेगर बदलत राहा. चुना विरघळून जातो आणि खाली उरते ती जुनी वाळू. जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारे लोक प्रयोगशाळेत थोड्याफार फरकाने हेच करतात, फक्त आम्ल जास्त तीव्र आणि वजनकाटा जास्त अचूक. मसाल्यात चुनखडीचेच खडे असतील तर तेही विरघळतील एवढं ध्यानात ठेवा. सिमेंटचा खडा व्हिनेगरला दाद देत नाही. तो हातोडीने हलके ठेचून, धुऊन, दाणे सुटे करून बघा. कागदावर पसरून फोनच्या मॅक्रो कॅमेऱ्याने फोटो काढला की सगळ्यात मोठा दाणा केवढा, गोल की टोकदार, हे कळतं.

पॅच एका खोलीचा असेल तर वाळू लागते दोन-चार पाट्या. वरच्या थरापुरती तर त्याहून कमी. तेवढी जुन्या दाण्याशी जुळणारी वाळू मिळवणं जमण्यासारखं असतं: गल्लीत कुणाच्या जुन्या बांधकामाची उरलेली, नाहीतर घरातलंच जुनं प्लास्टर ठेचून, धुऊन, चाळून निघालेली. अगदीच नाही मिळाली तर क्रश सँड दोनदा पाण्यात धुऊन भुकटी काढा आणि हव्या त्या आकाराच्या चाळणीतून चाळून घ्या. आतला भराव कशाचाही चालतो. पोत देणारा दाणा फक्त वरच्या पाच-सहा मिलिमीटरमध्ये असतो.

भराव, आणि मग वाट पाहणं

खाच भरताना कडा कटरने सरळ कापलेल्या असल्या तर बरं, पण त्या गुळगुळीत असतात आणि नवा मसाला त्यांना धरत नाही. छिन्नीने टाचे मारून त्या खडबडीत करा, धूळ ब्रशने आणि मग पाण्याने काढा. पाइप खाचेच्या तोंडापासून निदान १२ ते १५ मिमी आत हवा. वर आलेल्या पाइपवरचं प्लास्टर फुटणारच, तिथे पोताची चर्चा करून उपयोग नाही. खाचेवर दोन्ही बाजूंनी पुढे येईल अशी जाळी ठोका. वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर तर जाळी हवीच. आपल्या पूर्व भागात ज्या घरांत खाली यंत्रमाग चालतात, तिथे भिंत दिवसभर थरथरत असते. जाळीशिवाय भरलेली खाच तिथे पुन्हा उघडली नाही तर नवल.

पहिला भराव जुन्या पातळीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर खाली थांबवायचा आणि त्यावर ओरखडे मारून एक-दोन दिवस पाणी मारत ठेवायचा. घाईत एकाच दमात खाच वरपर्यंत भरली की मसाला आकसतो आणि कडेने केसासारखी चीर पडते. मग कितीही पुट्टी भरा, ती चीर रंगातून परत वर येते.

आता वरचा थर. सगळं कौशल्य इथे आहे आणि ते हातात कमी, घड्याळात जास्त आहे. मसाला लावला, पट्टीने जुन्या दोन्ही कडांवर टेकवून सपाट केला. लगेच स्पंज किंवा लाकडी गुरमाळा फिरवला तर पाणी आणि सिमेंट वर येऊन गुळगुळीत साय बसते. फार उशीर केला तर दाणे सुटून गळतात. यांच्या मधल्या थोड्या वेळात शेवटचा हात फिरला पाहिजे. ती वेळ ओळखायची खूण अशी: बोट हलके दाबलं तर ठसा उमटतो, पण मसाला बोटाला चिकटत नाही.

पुस्तकात या वेळेचा आकडा देतात, पण सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात तो विसरायचा. बाहेर पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी, त्यात खोलीत पंखा चालू. अशा वेळी ही मुदत चहा पिऊन येईपर्यंत संपते. म्हणून भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा, काम सकाळी लवकर उरका, पंखा बंद, खिडकीवर ओलं गोणपाट. जुनी भिंत कोरडी ठेवून पॅच मारला तर ती कडेच्या मसाल्यातलं पाणी शोषते. मधला भाग ओला, कडा वाळलेल्या, आणि एकाच पॅचमध्ये दोन पोत तयार होतात. सकाळी नऊला नीट जमलेला हात दुपारी बाराला त्याच गवंड्याला जमत नाही, हे मी शेजारी शेजारी झालेल्या दोन पॅचवर पाहिलेलं आहे.

हत्यार कोणतं होतं ते टॉर्चच्या फोटोत दिसतं. एकसारखे सुटे दाणे आणि मध्ये खळगे असतील तर स्पंज. कमानीसारखे फटकारे दिसले तर लाकडी गुरमाळा गोल फिरवलेला. कमानींची त्रिज्या पाहून गवंडी उजव्या हाताने काम करत होता का, शिडीवर कुठे उभा होता, हेसुद्धा कळतं. गंमत म्हणून सांगत नाही. पॅच मारणाऱ्याने त्याच दिशेने हात फिरवला तरच फटकारे एकमेकांत मिसळतात. आपल्याकडे गवंडी कन्नड बोलणारा आणि रंगारी तेलुगू बोलणारा असणं नेहमीचंच. हत्यारांच्या नावावर अडू नका, फोटो दाखवा. "मिस्त्री, हात असा फिरवा," म्हणून भिंतीवर टॉर्च धरला की दोन मिनिटांत मुद्दा पोहोचतो.

आणि थेट भिंतीवर पहिला प्रयत्न करू नका. सिमेंट शीटच्या किंवा फरशीच्या तुकड्यावर फूटभर नमुना करा, एक स्पंजचा, एक गुरमाळ्याचा, वेळ बदलून तिसरा. वाळल्यावर भिंतीला टेकवून टॉर्च मारा. सॉफ्टवेअरमध्ये बदल थेट चालू सर्व्हरवर करत नाहीत, तोच न्याय. अर्ध्या दिवसाची मजुरी जास्त जाते, पण सबंध भिंत टाचून नवीन प्लास्टर करण्याच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

चुन्याची भिंत: इथे प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही

सिमेंटच्या भिंतीवर पोत चुकला तर भिंत फक्त वाईट दिसते. चुन्याच्या भिंतीवर मसाला चुकला तर भिंत जाते. म्हणून हा भाग जुन्या घरवाल्यांनी नीट वाचावा.

आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. ते साधारण ९०० अंशांना भाजले की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विझवायचा आणि वाळू-सुरखीबरोबर बैलाच्या घाणीत मळायचा. ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळ, मेथी, हिरडा असं काय काय पडायचं. हा गिलावा मऊ असतो आणि त्यातून वाफ आरपार जाते. जुन्या घरांना खाली ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल दगड-मातीतून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत निघून जाते. भिंत अशीच शतकभर टिकली आहे.

आता अशा भिंतीवर खाली फूट-दोन फूट गिलावा सुटला म्हणून सिमेंटचा पॅच मारला. सिमेंट घट्ट, त्यातून ओल सहज जात नाही. ती पॅचच्या मागे साठते आणि कडेने, जिथे अजून चुना आहे तिथून, बाहेर पडते. पाण्यातले क्षार तिथेच वाळून स्फटिक होतात, स्फटिक वाढताना चुन्याचे कण ढकलून पाडतात. वर्ष-दोन वर्षांत पॅच शाबूत आणि त्याच्याभोवतीचा जुना गिलावा पापुद्रे धरून गळायला लागतो. घरमालकाला वाटतं, बघा, सिमेंट किती पक्कं, जुनंच खराब होतं. मग पुढचा भागही सिमेंटने होतो, ओल आणखी वर सरकते, पुन्हा कडेचं गळतं. अशा एकेक पॅचने वर चढत गेलेली सिमेंटची पट्टी पेठांमधल्या कितीतरी भिंतींना दिसेल. मातीत बांधलेली भिंत असेल तर आतली माती कायम ओली राहून भार पेलायची ताकद कमी होते, आणि तो धोका घरातल्या माणसांना आहे.

तेव्हा चुन्याला चुनाच. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, मिळाली तर वाळूचा काही भाग सुरखी म्हणजे विटेची भुकटी, त्याने मसाला लवकर धरतो. एका थराची जाडी १० मिमीच्या आत. दोन थरांमध्ये निदान काही दिवस. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी उडून गेलं तर आत नुसती भुकटी राहते. म्हणून ओलं गोणपाट अंतरावर टांगून ठेवायचं आणि दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा मारायचा. पावसाळ्यानंतरचा काळ या कामाला उत्तम. एक इशारा: कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय जवळ जाऊ नका, मुलांना तर नाहीच. पोत्यात मिळणारा विझवलेला चुना घेतला तर हा धोका टळतो.

वरचा पोत नीरूचा. विझवलेला चुना पाण्याखाली निदान पंधरा दिवस ठेवून बारीक कापडातून गाळायचा आणि एक-दोन मिलिमीटरचा थर थापीने घोटायचा. बाजारातली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी इथे लावली तर ती काचेसारखी सपाट होते. घोटलेल्या नीरूला थापीच्या अंगचे हलके लाटेसारखे चढउतार असतात, ती कधीच सपाट नसते. थापी किंचित तिरकी धरून, लांब हात न मारता आखूड कमानीत फिरवली की तो पोत येतो. हे काम जाणणारे गवंडी कमी झालेत, पण संपलेले नाहीत. वाड्यांची किंवा देवळांची दुरुस्ती चालू असेल तिथे चौकशी केली तर सापडतात. चुन्याच्या गिलाव्याची रीत आयएस २३९४ या मानकात लिहिलेली आहे, तीही गवंड्यासमोर ठेवता येते.

जिप्सम आणि बोर्ड

नवीन फ्लॅटच्या जिप्सम प्लास्टरला स्वतःचा पोत जवळजवळ नसतो, त्यामुळे हे काम सोपं. फक्त जिप्सम लवकर धरतं, म्हणून थोडं थोडं कालवा, आणि ओलसर भिंतीवर किंवा बाथरूमच्या मागच्या बाजूला ते वापरू नका. ते पाण्यात हळूहळू विरघळतं. जिप्समच्या भिंतीतली खाच सिमेंटने भरू नका. ओल लागली तर दोघांच्या रासायनिक क्रियेतून फुगणारे स्फटिक तयार होतात आणि पॅच उचकटून येतो.

ऑफिसातल्या पार्टिशनचा किंवा फॉल्स सीलिंगचा बोर्ड हा खरा ड्रायवॉल. १८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट यांनी अमेरिकेत अशा बोर्डाच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं होतं. भोक पडलं तर त्या भागाचा चौकोन कापायचा, मागे लाकडी किंवा पत्र्याची पट्टी स्क्रूने बसवायची, तेवढाच तुकडा बसवून सांध्यावर टेप आणि जॉइंट कंपाउंडचे तीन पातळ थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. अमेरिकेत राहणारे वाचक असतील तर त्यांच्या भिंतीवर बहुधा फवाऱ्याने उडवलेला संत्र्याच्या सालीसारखा किंवा फवारून वर पाती फिरवलेला पोत असतो. त्याचा फवारा पुठ्ठ्यावर आधी मारून थेंबाचा आकार जुळवावा. छतावर लाह्यांसारखा जाड पोत असेल आणि घर १९८० च्या आधीचं असेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टस असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय ते खरवडू नये.

रंगाने झाकतं ते आणि न झाकतं ते

प्लास्टर जुळलं तरी एक गोष्ट राहते. जुन्या सँड फेस भिंतीवर दर दिवाळीला एक याप्रमाणे रंगाचे आठ-दहा थर बसलेले असतात. त्यांनी दाण्यांच्या कडा बोथट केलेल्या असतात आणि खळगे अर्धवट भरलेले असतात. नवीन पॅच कितीही बरोबर असला तरी दोन हातांत तो जास्त टोकदार दिसतो. त्यासाठी पॅचवर पातळ केलेली पुट्टी किंवा घट्ट प्रायमर ब्रशने दोन-तीनदा ओढून घ्यावा आणि दर वेळी टॉर्चने बघून थांबावं. उलट, गुळगुळीत भिंतीवर पोत रोलरचा असतो. जुना रंग ब्रशने मारलेला आणि पॅच रोलरने, किंवा एकाचा रोलर आखूड केसांचा आणि दुसऱ्याचा लांब, तर रंगाचा डबा एक असूनही पट्टा दिसतो.

नवं सिमेंट अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर. त्यावर घाईने ऑइल पेंट मारला तर रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट होऊन सोलतो. चार आठवडे थांबा. तोवर पॅच राखाडी दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू द्या. नंतर फक्त पॅचवर प्रायमर, कारण नवा भाग रंग जास्त शोषतो आणि मॅट दिसतो, आणि मग रंग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला. पॅचपुरताच रंग मारून तो मिसळून जाईल असं कुणी सांगितलं तर त्याला संध्याकाळच्या उन्हात बोलवा. चुन्याच्या भिंतीवर चुन्याचीच सफेदी किंवा वाफ जाऊ देणारा रंग, ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट नाही, नाहीतर सिमेंटचा पॅच टाळून जे मिळवलं ते रंगाने घालवाल.

ठरवतानाच तिघांशी एकत्र बोलून घ्यावं. इलेक्ट्रिशियनने खाच कोपऱ्याच्या किंवा चौकटीच्या जवळून नेली तर पोताचा सांधा त्या रेषेत आपोआप लपतो. गवंड्याचे पैसे टॉर्चची तपासणी झाल्यावर, रंगाच्या आधी. आणि वरच्या थराची उरलेली वाळू बाटलीत भरून, त्यावर खोलीचं नाव आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा. पुढचा पॉइंट कधीतरी निघतोच.